शाळेतला प्रिंटर ‘ऑफलाइन’ का जातो?

शाळेला काही द्यायचे ठरले की माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ठरलेली यादी फिरते. पाण्याचा फिल्टर, पंखे, प्रोजेक्टर आणि गेल्या काही वर्षांत प्रिंटर. प्रिंटर खिशाला परवडतो, नारळ फोडून फोटो काढता येतो, वर ‘अमुक सालच्या दहावीच्या बॅचकडून सप्रेम भेट’ असे स्टिकरही लावता येते. सहा महिन्यांनी शाळेत डोकावले तर त्यावर टेबलक्लॉथ घातलेला असतो आणि बाई घटक चाचणीचे पेपर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढून आणत असतात. का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले: ‘ऑफलाइन दाखवतोय.’

मी मूळचा बेळगावचा, नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचे. दिवाळीत आणि मे महिन्यात घरी आलो की आमच्या भागातल्या दोन-तीन मराठी शाळांचे संगणक बघून देतो. तिथे सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो प्रिंटरने. तुमच्यापैकी अनेक जण इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला असेच आपापल्या शाळांसाठी काहीतरी करत असणार, म्हणून जे कळले ते सविस्तर लिहितो. यंत्र देणे सोपे असते. ते पंधरा शिक्षकांनी मिळून वापरायचे आणि वर्षभर चालू ठेवायचे, हा वेगळाच उद्योग आहे.

आधी ‘ऑफलाइन’चे बघू. बहुतेक शाळांत प्रिंटर कार्यालयातल्या संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला असतो आणि तिथून तो बाकीच्यांना ‘शेअर’ केलेला असतो. म्हणजे लेखनिक रजेवर गेले आणि त्यांचा संगणक बंद राहिला, की सगळ्या शाळेचे छापणे बंद. गंमत अशी की यातल्या कित्येक प्रिंटरांना मागे नेटवर्कची केबल लावायची जागा असते आणि त्यावरचे प्लास्टिकचे बूच विकत आणल्या दिवसापासून कोणी काढलेले नसते. ती केबल थेट राउटरला किंवा स्विचला जोडली की प्रिंटर कोणा एका संगणकाचा आश्रित राहत नाही.

पण मग दुसरा घोळ सुरू होतो. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, आयपी ॲड्रेस. हा पत्ता भाड्याच्या खोलीसारखा असतो. दुपारी वीज गेली, राउटर आणि प्रिंटर बंद होऊन पुन्हा चालू झाले, की प्रिंटरला वेगळी खोली मिळू शकते. शिक्षकांच्या संगणकांना हे कोणी कळवत नाही. ते जुन्या दारावर टकटक करत राहतात, आतून उत्तर येत नाही, म्हणून ‘ऑफलाइन’ म्हणतात. प्रिंटर बिचारा शेजारच्या खोलीत तयार बसलेला असतो. मग एखादे उत्साही सर प्रिंटर नव्याने ‘ॲड’ करतात. पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा. अशा रीतीने यादीत त्याच प्रिंटरची ‘कॉपी १’, ‘कॉपी २’, ‘कॉपी ३’ अशी भावंडे जमतात आणि त्यातले नेमके जिवंत कोणते, हे ज्याचे त्याने आठवून ठेवायचे.

यावर उपाय पंधरा मिनिटांचा आहे. प्रिंटरच्या मेनूतून त्याचे माहितीपान छापायचे. त्यावर त्याचा मॅक ॲड्रेस असतो, म्हणजे कारखान्यातूनच मिळालेला, न बदलणारा क्रमांक. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘हा क्रमांक आला की हाच आयपी द्यायचा’ अशी नोंद करायची. मग प्रत्येक संगणकावरची सगळी भावंडे पुसून टाकायची आणि त्या कायमच्या पत्त्यावर एकच प्रिंटर जोडायचा. पत्ता मार्करने प्रिंटरच्या अंगावरच लिहून ठेवावा. देणगीच्या स्टिकरपेक्षा तो जास्त वेळा वाचला जातो.

हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकला तर आणखी एक दार उघडते. नेटवर्कवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रिंटरच्या पोटात एक छोटी वेबसाइट असते. टोनर किती उरला, आजवर किती पाने छापली, त्यातली प्रिंट किती आणि झेरॉक्स किती, शेवटचा कागद कधी अडकला, हे सगळे तिथे दिसते. हीच माहिती दुसऱ्या संगणकाला आपोआप मागता यावी म्हणून एसएनएमपी नावाची पद्धत आहे आणि प्रिंटरने त्यात काय काय सांगायचे याचे सर्वमान्य कोष्टक १९९५ सालीच तयार झाले. त्यामुळे कंपनी कोणतीही असो, प्रश्न एकाच भाषेत विचारता येतात. त्या कोष्टकातली एक गोष्ट मला फार आवडते. टोनर किती उरला असे विचारल्यावर यंत्राला नेमके मोजता येत नसेल, तर ते उणे ३ असा आकडा पाठवते. त्याचा अर्थ: आहे थोडा, किती ते माहीत नाही. साखरेच्या डब्याबद्दल विचारल्यावर आईकडून हेच उत्तर मिळायचे.

टोनरच्या टक्केवारीवर एरवीही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बऱ्याच यंत्रांत तो अंदाज असतो. खोक्यावर लिहिलेली पानांची संख्या ठरलेल्या नमुना-पानांवरून काढलेली असते आणि त्या पानांवर ढोबळमानाने ५ टक्के भागच काळा असतो. आपल्या शाळेच्या पेपरावर जाड चौकट, वर शाळेचे गडद बोधचिन्ह, मध्ये भूगोलाचा नकाशा. टोनर लवकर संपला म्हणून रिफिलवाल्याशी भांडण्याआधी बोधचिन्ह फिके करून पाहावे.

आता ‘देखरेख’ या शब्दाबद्दल. तो उच्चारला की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण या कल्पनेचे मूळ वेगळे आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९७०च्या दशकात एक सामायिक प्रिंटर होता. लोक छापायला देत, तासाभराने जाऊन बघतात तर पहिल्याच पानावर कागद अडकलेला. रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रॅमरने त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सोय केली, की कागद अडकला तर ज्यांची कामे रांगेत आहेत त्या सगळ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. कोणी ना कोणी उठून कागद काढत असे. पुढे झेरॉक्स कंपनीचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याचे सॉफ्टवेअर बंदिस्त होते, त्यात ही सोय घालायला वावच नव्हता. त्या संतापाचा वाटा असलेली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ स्टॉलमनने १९८३ मध्ये जाहीर केली. प्रिंटरवर नजर ठेवण्याची गरज आधी वाट बघणाऱ्याला होती. साहेबाला ती नंतर लागली.

आमच्याकडच्या एका शाळेतली गोष्ट सांगतो. शाळेचे नाव नको. तिथे कागद फार संपू लागला. महिन्याचा साठा वीस दिवसांत खलास. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली ती मामांबद्दल. मामा म्हणजे शाळेतले शिपाई, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली. सकाळी कार्यालय उघडणारे तेच, प्रिंटरशेजारी बसणारे तेच आणि त्यांच्या कपाटात कागदांचा गठ्ठा अनेकांनी पाहिलेला. बाहेरच्या लोकांचे अर्ज छापून देतात, भाच्याच्या लग्नाच्या पत्रिकांचा मजकूर इथेच छापला, असे बरेच काही बोलले गेले. त्यांच्या तोंडावर कोणी काही म्हटले नाही, पण कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करायला सांगितली गेली. मामांनी ती न बोलता दिली.

मुख्याध्यापिका बाईंनी मला विचारले, कोण किती छापते हे कळेल का? कळते. विंडोजमध्ये छपाईची नोंदवही असते, फक्त ती मुळात बंद ठेवलेली असते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘प्रिंट सर्व्हिस’खालची ‘ऑपरेशनल’ ही नोंद चालू केली, की प्रत्येक छापलेल्या कामासाठी ३०७ क्रमांकाची एक ओळ पडते: केव्हा, कोणत्या खात्यातून, कोणत्या संगणकावरून, किती पाने. आम्ही एक जुना संगणक कायम चालू ठेवला, सगळ्यांची छपाई त्याच्या रांगेतून जाईल असे केले आणि रोज सकाळ-संध्याकाळ प्रिंटरचा मीटर टिपायला सुरुवात केली. मीटर वेगळा टिपण्याचे कारण आहे. नोंदीतली पाने आणि प्रत्यक्ष कागद यांचा मेळ नेहमी बसत नाही. एका कामाच्या दहा प्रती काढल्या तर त्या नोंदीत धरलेल्या असतातच असे नाही, आणि यंत्रावर थेट काढलेल्या झेरॉक्स तर तिथे दिसतच नाहीत.

आठवड्याभरात जे दिसले ते विचित्र होते. बहुतेक सकाळी शाळा भरताना मीटर वीस-तीस पानांनी पुढे जायचा, त्यातल्या झेरॉक्सचा आकडा जागच्या जागी आणि नोंदवहीत त्या वेळेची एकही ओळ नाही. म्हणजे कोणीतरी रांग चुकवून थेट प्रिंटरकडे पाठवत होते. शोधत गेलो तर संगणक कक्षातले चौथे मशीन सापडले. त्यावर जुनी ‘कॉपी २’ तशीच राहिली होती आणि तिला ड्रायव्हर लावलेला होता शेजारच्या मॉडेलचा. चुकीचा ड्रायव्हर म्हणजे प्रिंटरशी परक्या भाषेत बोलणे. प्रिंटरला ते कळत नाही, पण तो गप्पही बसत नाही. एका पानावर दोन-चार अगम्य खुणा काढतो, पान टाकतो, पुढचे घेतो. त्या रांगेत कधीतरी अडकलेले एक काम होते. मुले मशीन चालू करायची, ते काम जागे व्हायचे, प्रिंटर कागद ओकायला लागायचा, कार्यालयातून कोणीतरी धावत येऊन बटण बंद करायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आणि ते जवळजवळ कोरे कागद मामा गोळा करून कपाटात ठेवत होते, मुलांना कच्च्या कामाला होतील म्हणून. गठ्ठा तो होता.

बाईंनी दोन महिन्यांचे मीटरचे आकडे आणि त्या मशीनची हकिकत एका कागदावर लिहून स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. किल्ली त्याच दिवशी परत गेली. माझ्या मते असल्या नोंदवहीचा खरा उपयोग हा आहे. कोण दोषी हे ती क्वचितच सांगते, पण कोण दोषी नाही हे मात्र बऱ्यापैकी ठामपणे सांगते. नव्या विंडोजमध्ये या नोंदीत कागदपत्राचे नाव मुद्दाम झाकलेले असते. ते तसेच झाकलेले राहू द्यावे. पानांचा हिशेब ठेवायला कोणत्या बाईंनी काय छापले हे कळण्याची गरज नाही.

ज्यांना थोडे लिनक्स जमते त्यांच्यासाठी आणखी एक सुचवणी. जुना संगणक रात्रंदिवस चालू ठेवण्यापेक्षा रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक घ्यावा आणि त्यावर ‘कप्स’ ही फुकट मिळणारी छपाई-व्यवस्था बसवावी. वीज नगण्य लागते. पानांची नोंद तिथेही आपोआप होत नाही, सेटिंगमध्ये चालू करावी लागते. पण हे करण्याआधी प्रिंटर बघा. अगदी स्वस्त प्रिंटर सगळे डोके संगणकाचे वापरतात आणि त्यांचे ड्रायव्हर अशा छोट्या संगणकांवर अनेकदा मिळतच नाहीत. भेट देणाऱ्यांनी दुकानात तीन गोष्टी विचाराव्यात: नेटवर्क केबलची जागा आहे का, पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट समजते का, आणि दोन्ही बाजूंनी आपोआप छापतो का.

तिसऱ्या प्रश्नाचा हिशेब करून दाखवतो. समजा शाळेत ४०० मुले, सहा विषय आणि प्रत्येक पेपर दोन पानांचा. एका चाचणीला ४,८०० कागद. ७५ जीएसएमचा एक ए-४ कागद सुमारे ४.७ ग्रॅमचा असतो, म्हणजे एका चाचणीला साडेबावीस किलो कागद, जवळजवळ दहा रीम. पाठपोट छापले तर पाच. वर्षाला चार चाचण्या धरल्या तर वाचलेल्या वीस रीमच्या पैशात शाळेचे दुसरे काहीतरी काम होते. त्यात आणखी एक गळती असते. वर्डमध्ये पानाचा आकार पुष्कळदा अमेरिकन ‘लेटर’ राहून गेलेला असतो. तो ए-४ पेक्षा थोडा रुंद आणि आखूड. मग शेवटची एकच ओळ, बहुधा ‘समाप्त’ हीच, दुसऱ्या पानावर जाते आणि ४०० कोरे कागद तिच्यामागून जातात. किंवा ‘लेटर कागद घाला’ म्हणून यंत्र अडून बसते आणि कोणालाच कळत नाही की ते पत्र कसले मागते आहे.

आमच्याकडे फॉन्टचा तिढाही आहे. मराठीचा पेपर डीटीपीवाल्याने श्रीलिपीत केलेला, कन्नडचा नुडीत, इंग्रजीचा कशातही. पेनड्राइव्ह शाळेत येतो, तो फॉन्ट तिथे नसतो, आणि ‘ज्ञानेश्वर’च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ छापली जाते. पेपर पीडीएफ करूनच मागवावा, म्हणजे फॉन्ट सोबत येतो. नव्याने टाइप करणार असाल तर युनिकोडच वापरा. हे दर वर्षी सांगावे लागते.

पावसाळ्यात बेळगावात प्रिंटर आजारी पडतो असे सगळे म्हणतात. आजारी कागद पडतो. कागद हवेतली ओल ओढतो, वाकतो, दोन-दोन चिकटून आत जातात. लेझर प्रिंटरमध्ये टोनरची भुकटी कागदावर बसवायला दीड-दोनशे अंशांपर्यंत तापणारा रूळ असतो. ओला कागद त्यातून गेला की वाफ निघते. एका शाळेत ती वाफ धूर समजून मुख्य स्विच बंद केलेला मी पाहिला आहे. रीम आवरणातच ठेवावे, लागेल तेवढेच फोडावे आणि शनिवारी ट्रे रिकामा करून जावे. तापणाऱ्या रुळामुळेच लेझर प्रिंटर संगणकाच्या यूपीएसवर लावू नये. रूळ तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस बसतो आणि त्यावरचे संगणकही जातात. त्याला भिंतीतला, अर्थिंग नीट असलेला वेगळा सॉकेट द्यावा.

आता जरा गंभीर भाग. प्रिंटर हा आतून एक संगणकच असतो आणि शाळेतल्या सगळ्यात नाजूक गोष्टी त्याच्यातून जातात: उद्याचा पेपर, मुलांचे निकाल, दाखले, प्रवेशाच्या वेळच्या आधारच्या झेरॉक्स. आठवीतल्या हुशार मुलाला प्रिंटरचा पत्ता कळला आणि आतल्या वेबसाइटला पासवर्ड नसेल, तर मोठ्या यंत्रांत साठवलेली कामे पुन्हा छापणे अवघड नसते. म्हणून पहिल्याच दिवशी प्रशासकाचा पासवर्ड बदलावा आणि मुलांचे संगणक किंवा पाहुण्यांचे वाय-फाय कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवावे. बऱ्याच यंत्रांत ‘प्रायव्हेट प्रिंट’ असते: काम पाठवताना पिन द्यायचा आणि यंत्रासमोर उभे राहून तोच पिन दाबल्यावरच कागद बाहेर येतो. प्रश्नपत्रिकेसाठी ही सोय सक्तीची करावी. पेपर ट्रेमध्ये पडून राहणे हा पेपर फुटण्याचा सगळ्यात साधा मार्ग आहे, त्याला हॅकर लागत नाही.

हॅकरही असतात म्हणा. नोव्हेंबर २०१८ मध्ये एकाने जगभरच्या प्रिंटरांवर एका यूट्यूबरच्या प्रचाराचा कागद छापून दाखवला. सुमारे ५० हजार प्रिंटर गाठल्याचा त्याचा दावा होता. त्याने काही फोडले नव्हते. ते प्रिंटर इंटरनेटवर उघडेच होते, त्याने फक्त ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर कागद पाठवला. पुण्यात बसून बेळगावचा प्रिंटर बघता यावा म्हणून राउटरमध्ये असे दार उघडून ठेवू नका. २०२३ मध्ये ‘पेपरकट’ या छपाई-व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधल्या एका दोषाचा फायदा घेऊन खंडणीखोरांनी शिक्षणसंस्थांवर हल्ले केले आणि अमेरिकेच्या एफबीआयला मे महिन्यात तसा इशारा द्यावा लागला. दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती, अनेकांनी ती घेतलेली नव्हती.

आणि यंत्र शाळेतून जाताना? मोठ्या झेरॉक्स-प्रिंटर यंत्रांत हार्ड डिस्क असते. २०१० मध्ये सीबीएस या अमेरिकन वाहिनीने वापरलेली चार कॉपियर विकत घेतली आणि त्यांच्या डिस्कमधून पोलिसांची कागदपत्रे आणि रुग्णांच्या नोंदी काढून दाखवल्या. त्यातल्या एका आरोग्यविमा संस्थेला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून प्रकरण मिटवावे लागले. आपल्याकडेही २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला खास संरक्षण दिले आहे. भाड्याचे यंत्र परत देताना किंवा जुने भंगारात देताना मेनूतून डिस्क पुसावी, नाहीतर ती काढून घेऊन शाळेतच ठेवावी. भंगारवाल्याला डिस्क नसली तरी फरक पडत नाही.

महिन्याच्या हिशेबासाठी मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. आमच्या त्या शाळेत प्रिंटरशेजारी खिळ्याला एक वही टांगली आहे. तारीख, मीटर, फोडलेले रीम, बदललेला टोनर, अडकलेला कागद, असे पाच रकाने. मामाच भरतात, अक्षर मोत्यासारखे. दर एक तारखेला त्या पानाचा फोटो ग्रुपवर येतो आणि मी तो आकडा नोंदवहीशी ताडून बघतो. मीटर वाचायला प्रिंटरचे माहितीपान छापावे लागते. ते पानही मीटरमध्ये मोजले जाते, म्हणून शेवटच्या आकड्यातून एक वजा करायचा, हे मामांनी पहिल्याच महिन्यात माझ्या लक्षात आणून दिले.